बनूबाईचं पथ्य

मोरिवलीत कुणाला शुगर निघाली, की तो आधी दवाखान्यात जाई आणि तिथून थेट बनूबाईच्या ओट्यावर येई. दवाखान्यात डॉक्टर जेमतेम मान वर करून बघत. बनूबाई मात्र पाणी द्यायची, बसवून घ्यायची आणि काय काय खायचं नाही ते इतक्या पोटतिडकीनं सांगायची, की ऐकणाऱ्याला घरी जाऊन स्वतःच्याच साखरेच्या डब्याची भीती वाटावी. भात नाही, बटाटा नाही, आंबा नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली तर पानावर हात आडवा धरायचा, वाढणारी मामेबहीण असली तरी! हे सगळं ती शिकली होती नवऱ्यासाठी, म्हणजे महिपतीसाठी. त्यांना सगळी आळी आबा म्हणायची. आबा महाशिवरात्रीच्या उपासाचं निमित्त होऊन गेले, आता आषाढ सरत आला, तरी बनूबाईचा अधिकार तसूभरही कमी झाला नव्हता. उलट वाढलाच होता, कारण सांगायला तिच्याकडे आता एक मेलेला माणूसही होता.

"त्यांच्या जिभेनं घात केला बघ," ती सांगायची. "शिवमंदिराला रांगेत व्हते सकाळपासून. कोनीतरी पेढा दिला असनार प्रसाद म्हनून, आनि यांनी घातला तोंडात. एवढी वर्सं मी डोळ्यात तेल घालून सांभाळलं, आनि एका पेढ्यानं सगळं धुवून नेलं."

बायका हळहळायच्या. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सून श्रद्धा बसलेली असायची. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे तिच्याकडे यायचे आणि शिलाईचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापून ती ते परत पाठवायची. पेढ्याची गोष्ट निघाली की तिची मान आणखी खाली जायची, नजर धाग्यावरून हलायची नाही. कारण आबांनी पेढा खाल्ला नव्हता. आबा कशानं गेले, ते श्रद्धाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, महेशलाही ठाऊक होतं. त्या घरात ते ठाऊक नव्हतं फक्त बनूबाईला.

आता बनूबाईबद्दल आधीच कुणी वाईट मत करून घेऊ नये, म्हणून मागचं सांगायला हवं. बनूबाई शाळेत गेली नव्हती, पण एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे. आबांना शुगर निघाली तेव्हा दवाखान्यात ती बरोबर गेली होती. डॉक्टर महेशशी बोलले, तेही अर्धं इंग्रजीत आणि पुढच्या पेशंटला हाक मारता मारता. बनूबाईच्या वाट्याला आली ती बाहेरच्या भिंतीवरची मोठी चित्रं. लाडू, आंबा, बटाटा, भाताची मूद, साबुदाण्याची वाटी, आणि प्रत्येकावर लाल फुली. नंबर येईपर्यंत तिनं ती सगळी पाठ केली. निघताना डॉक्टर तिच्याकडे बघून दोन वाक्यं मात्र स्वच्छ मराठीत बोलले होते. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. गोड बंद.

दोन्ही खरीच. खोटं कुणीच बोललं नव्हतं. फक्त तिसरी गोष्ट कुणी सांगितली नाही. ती गोळी रक्तातली साखर खाली ओढते, आणि माणूस उपाशी असला तरी ओढतच राहते. मग घाम फुटतो, हात कापतात, माणूस भलतंसलतं बोलायला लागतो, आणि त्या घटकेला त्याच्या तोंडात साखर घालावी लागते. डॉक्टरांना वाटलं असेल, आपण सांगितलं. महेशला वाटलं, असलं काही असतं तर डॉक्टर बोलले असते. आणि बनूबाईला वाटलं, आपल्याला कळलं तेवढंच असतं. त्या घरात शुगर म्हणजे तापासारखी होती, चढली की काळजी आणि उतरली की सुटलो. उतरायलाही काही मर्यादा असते, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली, असं हसून कुणी म्हणेलही. पण तिच्या हातात हळकुंड ठेवलं होतं तेच मुळी अर्धं, त्याला तिनं काय करावं?

बरं, इतकी वर्षं कसं निभावलं? तर आबा उपासाला चांगली ताटलीभर साबुदाण्याची खिचडी खात, वर दोन उकडलेली रताळी. त्या खिचडीनंच त्यांना सांभाळलं होतं, हे आता कळतं. या वर्षी माघात रिपोर्ट वाईट आला आणि डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. बनूबाई हबकली. तिनं भिंतीवरची चित्रं आठवली आणि निवाडा केला. साबुदाण्यावर फुली, बटाट्यावर फुली, आणि रताळं तर नुसतं गोड. म्हणजे उपास करायचा तर पाण्यावर. आबा तसे गरीब, बायकोच्या शब्दाबाहेर नसलेले. "महादेवाला तरी कुठं खिचडी लागते, बेलावर भागतं त्याचं," म्हणाले आणि हसले.

महाशिवरात्रीला पहाटे उठून त्यांनी आंघोळ केली, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली आणि ते अंबरनाथला शिवमंदिरात गेले. जत्रेची रांग कुठच्या कुठं गेलेली असते. दर्शन घेऊन परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. आल्यावर ते जरा चिरडीला आले होते, आणि आबा कधी चिडत नसत. चप्पल कुठे ठेवली म्हणून बनूबाईवर ओरडले, चप्पल पायातच होती. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "भूक लागली गं," म्हणाले. "उद्या सकाळी सोडा की, एवढा धीर नाय का?" बनूबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरात गेली, तर आबा फळीपाशी उभे, मुठीत गुळाचा खडा. हात थरथरत होता.

बनूबाईनं ती मूठ धरली आणि एकेक बोट उलगडून गूळ काढून घेतला. "मरायचं हाय का तुमाला?" ती ओरडली. आबा तिच्याकडे बघत राहिले, जणू ही कोण हेच त्यांना उमगत नव्हतं. श्रद्धा दारातून बघत होती आणि ती हसली होती. महेशही हसला होता, की बघा, म्हातारा चोरी करताना सापडला. घरभर हसू झालं. मग आबा भिंतीशी आडवे झाले, आणि उपासानं थकलेत, पडू देत, म्हणून कुणी त्यांना उठवलं नाही. दिवेलागणीला उठवायला गेले तेव्हा ते उठले नाहीत.

रुग्णालयात त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि लगेच सलाइनमधून साखर चढवली. साखर वर आली, पण आबा आले नाहीत. फार वेळ मेंदूला साखर मिळाली नव्हती. तिथली तरुण डॉक्टरीण महेशला आणि श्रद्धाला बाजूला घेऊन बसली आणि तिनं सगळं नीट, सावकाश, मराठीत समजावलं. गोळी काय करते, उपाशीपोटी काय होतं, घाम का येतो, चिडचिड का होते. "शुद्धीत होते तेव्हा गूळ, साखर, सरबत, काहीही दिलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी पहिल्यांदाच समजेल असं सांगत होतं, आणि आता त्या समजण्याचा काडीचा उपयोग नव्हता. श्रद्धाला आठवलं ते आपलं हसणं. आजही तिला आबा आठवतात ते त्या हसण्यासकट, आणि मग तिला स्वतःचीच किळस येते.

आबा काही दिवसांनी तसेच गेले. दहाव्याच्या आधी महेशनं श्रद्धाला मागच्या दारी बोलावलं. कंपनीत मोठमोठ्या टाक्यांवर काम करणारा धिप्पाड माणूस, पण दाराची चौकट धरून उभा होता.

"आईला कळता कामा नाय," तो म्हणाला. "तुला माझी शपथ हाय. तिनं स्वतःच्या हातानं काढून घेतला तो गूळ. कळलं तर ती जगायची नाय."

"पण त्या तर म्हणतायत, आबांनीच चोरून पेढा खाल्ला."

"म्हणू दे. राग हाय तिला आबांचा, त्या रागावर तरी ती उठते, जेवते. तेवढा राहू दे तिला."

श्रद्धालाही ते पटलं. मेलेल्या माणसावर एक खोटा आळ आला तर काय बिघडतं, जिवंत माणूस तर वाचतंय! तिनं तोंडाला कुलूप घातलं. आणि ते कुलूप तसंच राहिलंही असतं, जर सखूकाकीला शुगर निघाली नसती.

सखू म्हणजे शेजारच्याच घरातली, बनूबाईची चुलत जाऊ. वयानं बरीच लहान, हसरी, आणि बनूबाईवर तिचा देवासारखा विश्वास. तिला वैशाखात शुगर निघाली आणि गोळी सुरू झाली. श्रद्धानं सहज बोलता बोलता पाकीट बघितलं, तर आबांचीच गोळी. सखूचे उपास तर मोजायलाच नकोत, संकष्टी, एकादशी, आणि आता तोंडावर आलेले श्रावणी सोमवार. आणि त्या उपासांना काय खायचं नाही, ते ठरवणार बनूबाई.

श्रद्धानं आधी आडवाटेनं सांगून बघितलं. विहिरीपाशी सखू एकटी भेटली तेव्हा ती म्हणाली, "काकी, उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते एकदा डॉक्टरांना विचारा ना. चला, मी येते बरोबर." सखू हसली. संध्याकाळी तीच गोष्ट हसत हसत तिनं बनूबाईला सांगितली, मनात काही नसताना. बनूबाईचा चेहरा पडला.

"मी एवढी वर्सं पथ्य सांभाळलं ते काय वायाच?" ती सुनेला म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "ते गेले त्यांच्या कर्मानं. माझ्या पथ्यात खोट नव्हती, श्रद्धा."

श्रद्धाच्या ओठांवर आलं होतं. पण समोर बनूबाईचे डोळे भरून आलेले, आणि महेश कामावरून आल्यावर तोही तिच्यावरच उखडला. "शपथ घातली होती ना तुला? काकीला दुसरं कोनी सांगेल, तुझंच काय अडलंय?" दुसरं कोण सांगणार होतं? डॉक्टरांनी सांगितलं नाही, भिंतीवर चित्र नाही, आणि ज्यांना ठाऊक ते दोघं मूग गिळून बसलेले. श्रद्धा पुन्हा धागे कापायला लागली. पण त्या दिवसापासून सखूच्या घरातून कुणी मोठ्यानं बोललं तरी तिची कात्री थांबायची.

आषाढातली संकष्टी होती. दुपार कलत आली होती, पावसानं जरा उघडीप दिली होती. श्रद्धा गठ्ठा बांधत असताना शेजारून सखूचा आवाज आला, चिडका, ओढलेला. सखू कधी चिडत नसे. श्रद्धा हातातली सुतळी टाकून धावली.

सखू खाटेवर बसली होती. कपाळावरून घाम नुसता ओघळत होता, हवेत गारवा असताना. हाताची बोटं थरथरत होती आणि ती बनूबाईला सारखी म्हणत होती, "आये, मना जाऊ दे ना, मना जाऊ दे." तिची आई जाऊन किती काळ लोटला होता! बनूबाई शेजारी बसून वारा घालत होती, ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत होती. खाली ताटलीत उकडलेली रताळी होती, ती बनूबाईनं पायानं लांब सरकवलेली.

"बघ," बनूबाई म्हणाली, "शुगर चढली तिची. मी आले म्हनून बरं, ही रताळं खायला बसली व्हती."

 फळीवरचा डबा उघडून श्रद्धानं पेल्यातल्या पाण्यात मुठीनं साखर घातली आणि बोटानंच ढवळली. वळते तो बनूबाई मध्ये उभी.

"काय करतेस? मारतेस का तिला?"

"आई, बाजूला व्हा."

"चढलेल्या शुगरवर साखर घालतेस? डोकं फिरलं का तुझं?"

"चढली नाही. खाली गेली आहे. एकदम खाली."

"खाली गेली तर चांगलंच झालं ना!" बनूबाईनं पेल्याला हात घातला. साखरेचं पाणी श्रद्धाच्या मनगटावरून ओघळलं. आणि श्रद्धाला ती मूठ दिसली, आबांची, एकेक बोट उलगडलेली. मग तिला शपथ आठवली नाही, नवरा आठवला नाही, समोर उभी असलेली बाई किती मोठी आहे हेही आठवलं नाही.

"आबा असेच गेले, आई!" ती ओरडली. "त्यांची चढली नव्हती. खाली गेली होती. पेढा कुणी दिला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं आम्हाला. सोडा तो पेला!"

बनूबाईचा हात सुटला. श्रद्धानं सखूच्या मानेखाली हात घातला, तिला गिळता येतंय ना ते आधी बघितलं आणि पेला ओठाला लावला. सखू पहिल्यांदा तोंड फिरवत होती, मग पिऊ लागली, मग दोन्ही हातांनी पेला धरून तहानलेल्या गुरासारखी प्यायली. श्रद्धानं रताळं सोलून तिच्या हातात दिलं. बनूबाई भिंतीला टेकून उभी होती आणि बघत होती. वेळ फार गेला नाही. सखूचा घाम आटला, हात थांबले, डोळ्यांत ओळख आली. पदर सावरत ती म्हणाली, "अगो बाय, काय झालं? तुमी दोघी अशा का बघता माझ्याकडं?"

आणि मग हातातलं अर्धं रताळं बघून ती ओशाळून हसली. बनूबाईचं पथ्य मोडलं होतं ना! बनूबाई पुढं आली. तिनं रिकामा पेला उचलला, आत बघितलं. तळाला विरघळायची राहिलेली थोडी साखर होती.

"एवढंच?" तिनं विचारलं. "एवढ्यानंच?"

 नाही म्हणावं तर खोटं, आणि हो म्हणायला श्रद्धाची जीभ उचलेना. सुनेच्या गप्प राहण्यातून बनूबाईला जे कळायचं ते कळलं. पेला तिनं जागेवर ठेवला, खाटेची दांडी धरत धरत दारापर्यंत गेली आणि आपल्या घरी गेली.

महेश पाळी संपवून आला तेव्हा आई ओट्यावर बसली होती, पाय खाली सोडून, पदर न सावरता. त्यानं श्रद्धाकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. "झालं समाधान?" तो दात दाबून म्हणाला. श्रद्धा म्हणाली, "सखूकाकी वाचली." त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

"महेश, तुला ठाऊक व्हतं?" बनूबाईनं विचारलं.

महेश आईच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "तू जगायची नाहीस असं वाटलं गं आई. म्हणून."

बनूबाईनं त्याच्या केसांत हात घातला. ती स्वतः रडत नव्हती. "मी मारलं ते मारलं," ती म्हणाली. "पन वरून पाच महिने मी त्यांना शिव्या घातल्या रं. गावभर सांगितलं, हावरट व्हते म्हनून. पेढ्याचा चोर केलं मी माझ्या मानसाला. आनि तुमी मना तसं करू दिलं."

 चांगल्या हेतूनं झाकून ठेवलेली गोष्ट आतल्या आत अशी नासते. श्रद्धाला तेव्हा वाटलं, की आपण आधी बोललो असतो तर सासूला एकच दुःख झालं असतं, आता दोन झाली.

दुसऱ्या दिवशी श्रद्धा सखूला घेऊन डॉक्टरांकडे गेली. उपासाच्या दिवशी या गोळीचं काय करायचं, असं तिनं सरळ विचारलं. डॉक्टरांनी मान वर केली. उपास असेल तर आधी मला विचारायचं, ते म्हणाले, तुमची तुम्ही बंदही करायची नाही आणि उपाशीपोटी घ्यायचीही नाही. त्यांनी सखूची गोळी बदलून दिली आणि घाम, थरथर, चिडचिड ही सगळी लक्षणं बोटांवर मोजून सांगितली. वाईट माणूस नव्हता तो. विचारल्यावर सगळं सांगितलं. पण विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बाहेरच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांतल्याही कुणाला ते ठाऊक नसणार. श्रद्धाला तिथल्या तिथे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण नाही सांगितलं, परक्या माणसांपुढे धीर झाला नाही.

घरी बनूबाई जगत होती. जेवायला वाढलं तर जेवत होती, नाही वाढलं तर मागत नव्हती. पथ्य विचारायला बाया आल्या की ती आत निघून जायची. लोक म्हणायला लागले, बनूबाईनं आता नवऱ्याचा ध्यास घेतलाय, फार दिवस काढायची नाही. महेश ते ऐकायचा आणि श्रद्धाकडे बघायचा. त्या बघण्यानं श्रद्धाला घास गिळवत नसे.

श्रावणातला पहिला सोमवार आला. आळीतल्या बायका बेल, फुलं, पाण्याचे तांबे घेऊन सखूच्या अंगणात जमल्या. सगळ्या मिळून शिवमंदिराला चालत जायच्या, दर वर्षीचा शिरस्ता. बनूबाई यायची नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. तोच ती घरातून आली, हातात तांबा नाही, बेल नाही, चप्पलसुद्धा नाही.  श्रद्धा तिच्या मागोमाग धावली, पण बनूबाईनं हातानं तिला थांबवलं.

"शुगरची गोळी कोन कोन घेतं?" तिनं विचारलं.

दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, मी. एक म्हणाली, मी नाही, पण आमचे हे घेतात, आणि आज उपासही आहे त्यांचा.

"काय खाल्लंय त्यांनी?"

"काय नाय. तुमीच सांगितलं व्हतं ना, बाय."

बनूबाईनं मान हलवली. "व्हय, मीच सांगितलं. ते चुकीचं व्हतं. आधी घरी जा, त्यांना खायला घाल आनि मंग गोळीचं डॉक्टरला विचार. महादेव कुठं जात नाय."

ती बाई गोंधळून उभीच राहिली. तेव्हा बनूबाईनं सांगितलं. आवाज न चढवता, न रडता, सगळं. गूळ, मूठ, बोटं. "घाम आला, हात कापायला लागले, मानूस भलतं बोलायला लागलं, तर साखर द्या. शुद्धीत हाय तोवर द्या. मी दिली नाय. मी त्यांच्या हातातली काढून घेतली." श्रद्धा ते ऐकत होती. मघापर्यंत तिला वाटत होतं की सासू मध्येच कोसळेल, म्हणून ती हात पुढं करून उभी होती. बनूबाई कोसळली नाही.

गंगू नावाची एक जुनी बाई होती त्या घोळक्यात, बनूबाईच्याच वयाची, दोघी एकाच मांडवात लग्न होऊन या गावात आलेल्या. ती पुढं झाली, तिनं बनूबाईचा हात हातात घेतला आणि आपल्याकडे अशा वेळी जे बोलतात तेच ती मायेनं बोलली. "नको गं असं बोलू. तू काय मुद्दाम केलंस? त्यांची वेळच आली व्हती, बनू. वेळ आली की मानसाच्या हातात काय राहातं?"

बायकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना हायसं वाटलं होतं, श्रद्धालाही. आता सासूनं हो म्हणावं, डोळे पुसावेत, आणि हे सगळं आबांच्या नशिबावर टाकून घरी यावं, असं तिला मनापासून वाटलं. तेवढं केलं असतं तरी ती उरलेलं आयुष्य सुखानं काढू शकली असती.

बनूबाईनं गंगूच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.

"वेळ नव्हती आली गं," ती म्हणाली. "भूक लागली व्हती त्यांना."

 जिच्या नवऱ्याचा उपास होता ती बाई बेलाचं ताट सखूच्या ओट्यावर ठेवून घराकडे पळत सुटली.